पहिल्या बाकावरचा गहिनीनाथ

तिसगावचा गहिनीनाथ एकाहत्तर साली नगरला फादर लोकांच्या कॉलेजात दाखल झाला. त्याआधीचं वर्ष क्षयात गेलं होतं. महिनोन् महिने सुया टोचून घेतल्यावर तो उठला, तेव्हा आई राहीबाईनं मढीच्या नाथांना जाऊन नवसाच्या रेवड्या उधळल्या होत्या.

कॉलेज लहानसं. बैठी इमारत, शेजारी चर्च, मागं मुलांचं वसतिगृह. गहिनीनाथला मास्तर व्हायचं होतं, तेही आपल्याच गावच्या हायस्कुलात.

दिवाळीनंतर त्याच्या कानात शीळ वाजायला लागली. मग चिमण्या गेल्या. वसतिगृहाच्या वळचणीला त्यांचा कोण कालवा असायचा. एका सकाळी नुसत्या चोची हलताना दिसल्या. हळूहळू माणसांचे शब्दही बोथट झाले. गहिनीनाथनं कुणाला सांगितलं नाही. तो उठून पहिल्या बाकावर जाऊन बसला आणि सरांच्या ओठांकडं बघत शिकू लागला. पण तर्कशास्त्र शिकवणाऱ्या फादर लोबोंना छातीपर्यंत दाढी. त्या दाढीतून त्याला काहीच कळेना.

हे ओळखलं एकट्या मोहियोद्दीननं. तो नगरातल्याच झेंडीगेट भागातला, त्याच्याच वर्गातला.

"तुला ऐकू येत नाही ना?" त्यानं जेवताना समोर बसून विचारलं.

"कुणाला सांगू नकोस," गहिनीनाथ म्हणाला. "काढून टाकतील."

तेव्हापासून मोहियोद्दीन त्याच्या शेजारी बसू लागला. हजेरीत नाव आलं की कोपरानं ढोसायचा. गहिनीनाथ "प्रेझेंट सर" म्हणायचा.

बहिणीच्या लग्नासाठी मोहियोद्दीन रजेवर होता, त्या दिवशी फादर लोबो वर्गात आले आणि हलक्या आवाजात काही बोलले. छगन नावाच्या मुलाचे वडील वारले होते. मागं सगळा वर्ग श्रद्धांजलीला उभा राहिला. पहिल्या बाकावरच्या गहिनीनाथला ते दिसलं नाही. फादर मात्र आपल्याकडं टक लावून बघतायत, एवढं दिसलं. तो ताडकन उठला आणि ओरडला, "प्रेझेंट सर!"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. तास सुटल्यावर छगनच्या मित्रांनी त्याला आवारात गाठलं, गचांडी धरली. तोंडं हलत होती, थुंकी उडत होती. आपण काय केलं, हेच त्याला समजेना. "अरे, काय झालं? सांगा तरी!" तो विचारत राहिला.

फादर लोबोंनी त्याला सोडवलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतः डॉक्टरकडं नेलं. क्षयाच्या इंजेक्शनांनी कानाच्या शिरा मेल्या होत्या. त्या सुया नसत्या तर पोरगाच राहिला नसता, असं डॉक्टर म्हणाले. फादरांनी पुढं काही विचारलं. डॉक्टरांनी आडवी मान हलवली, ती गहिनीनाथला बरोबर कळली.

फादर पुढं सगळं फळ्यावर लिहून शिकवू लागले. तास रेंगाळायचे, मागची पोरं कंटाळायची. गहिनीनाथला ते पाठीवर जाणवायचं. वर्षअखेरीला तो पास झाला आणि फादरांच्या खोलीत गेला.

"फादर, मला मास्तर होता येईल का?"

आपण केवढ्यानं बोलतोय, हे आता त्याला उमगत नसे. बाहेर चाललेली पोरं थबकली. फादरांनी लिहायला कागद पुढं ओढला. बराच वेळ पेन हातात धरून बसले. मग त्यांनी ते खाली ठेवलं.

राहीबाई त्याला कायमचं घरी न्यायला आली. एसटीत बसल्यावर ती त्याच्या कानाला तोंड लावून म्हणाली, "म्या तुला वाचवाया सुया देवविल्या रं. मला काय ठावं हुतं?" तो खिडकीबाहेर बघत होता.

तिसगावात मामाच्या पिठाच्या गिरणीवर तो बसू लागला. पुस्तकं आधी उशाशी होती, मग माळ्यावर गेली. लोक दळणाचा डबा ठेवत, बोटानं बारीक-जाड दाखवत आणि निघून जात. मुलगी बघायला दोन ठिकाणी गेले. दोन्हीकडून नकार आला.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात मोहियोद्दीन पेढे घेऊन आला. बी.ए. झाला होता, नोकरी लागली होती. गिरणीच्या ओट्यावर दोघं बसले. मोहियोद्दीन कॉलेजातली एक गंमत सांगू लागला. गहिनीनाथ ओठांकडं बघत होता, पण पीठ डोळ्यांत जात होतं.

"काय म्हणालास?"

मोहियोद्दीननं परत सांगितलं.

"काय?"

तिसऱ्यांदा सांगताना त्याचं हसू मावळलं. "काही नाही," तो म्हणाला.

हे दोन शब्द गहिनीनाथला कुणाच्याही ओठांवर वाचता येत. त्यानं मान डोलावली, पेढा तोंडात टाकला आणि पुढचं दळण घ्यायला उठला.