तीस बायकांचा एकच श्वास

वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा विद्यार्थिनी झाले. ग्रामीण रुग्णालयात वीस वर्षं सुया टोचल्यावर सरकारनं मला नर्सिंगची पदवी घ्यायला शहरात पाठवलं. गुडघे कुरकुरत होते, पण अंगात विद्यार्थिनीचा गणवेश होता. पेशंटचे नातेवाईक मला मोठी डॉक्टरीण समजायचे आणि वर्गातल्या पोरी मावशी म्हणायच्या. दोन्ही मी मजेत मिरवायचे. मला प्रेक्षक लागतात. चार माणसं दिसली की माझा आवाज आपोआप चढतो, हात उडायला लागतात. आमच्या घरी म्हणतात, हिला भाजीवाल्याकडं पाठवलं तर कोथिंबीर विसरून टाळ्या घेऊन येईल.

पहिल्याच सहामाहीत आम्हाला गृहपाठ मिळाला: शुश्रूषेचं माझं तत्त्वज्ञान, दोन पानं. पोरींनी कपाळाला हात लावला. मी मनात म्हटलं, आता बघाच. मी दोनाची सहा पानं केली. हॉस्टेलच्या आरशासमोर तालीमही केली. ‘रुग्ण म्हणजे खाटेचा नंबर नव्हे!’ या वाक्याला उजवा हात वर, आणि ‘तो एक धडधडतं माणूसपण आहे’ला तोच हात छातीवर. डोळ्यांत पाणी नेमकं कुठल्या ओळीला आणायचं, हेही पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं.

ते वाचायचं होतं त्या दिवशी सकाळी माझी ड्युटी हाडांच्या विभागातल्या बायकांच्या वॉर्डात होती. तीस खाटा. दहा वाजता प्रत्येकीचा चार्ट भरायचा: ताप, नाडी, श्वास. ताप थर्मामीटर सांगतं, नाडी मनगट सांगतं. श्वास मात्र पुरा एक मिनिट छातीकडं बघत मोजावा लागतो. त्यात एक गंमत आहे. पेशंटला कळू द्यायचं नाही. श्वास मोजताहेत असं कळलं की माणूस निराळाच श्वास घ्यायला लागतो. म्हणून नर्सनं मनगट धरून नाडीच बघतोय असं सोंग करायचं, आणि नजर गुपचूप छातीवर ठेवायची. म्हणजे आमच्या धंद्यात अधिकृतपणे शिकवलेला हा एकमेव अभिनय. आणि तेवढाच मी करत नव्हते.

घाईच्या वॉर्डात श्वासाच्या रकान्यात वीस, म्हणजे धडधाकट माणसाचा आकडा, लिहून मोकळं व्हायचं, ही सवय मला फार जुनी होती. कुणी शिकवली आठवत नाही. मी मात्र पुढं चार पोरींना शिकवली होती. त्या सकाळी तीसही चार्टांवर मी वीसच लिहिलं, कारण मनात भाषण घोळत होतं.

चौदा नंबरला पिशोर गावची एक आजी होती. ओसरीवरून पडून खुबा मोडलेला, आठवडाभर उताणी पडून. जवळ सून. मी आजीची नाडी बघितली, आकडा लिहिला, पुढं श्वासाचं वीस लिहिलं. तेवढ्यात सून हळूच म्हणाली, “सिस्टर, आमच्या आत्याबाईची छाती सकाळधरनं लई भराभर उडू ऱ्हायली.”

वॉर्ड ऐकत होता. म्हणजे प्रेक्षक होते.

“अहो ताई,” मी आवाज चढवला, “त्यांना पिशोरचा खड्ड्यांचा रस्ता आठवला असेल! त्या एसटीत बसायचं नुसतं मनात आलं तरी माझी छाती उडते!”

हशा उसळला. पंधरा नंबरची खाला तर प्लास्टरमधला पाय धरून हसली, “अय्यो बाजी, बस करो, पाय दुखता!” सूनही हसली, पदर तोंडाला लावून. मी पुढच्या खाटेकडं गेले. आजीकडं मी बघितलंच नाही. त्या हशात तिचा आवाज नव्हता, हे मला पुष्कळ नंतर आठवलं.

अडीच वाजता वर्गात मी सहाची सहा पानं वाचली. हात वर, हात छातीवर, पाणी ठरल्या ओळीला. शिकवणाऱ्या बाईंनी, माझ्याहून दहा वर्षांनी लहान होत्या त्या, चष्मा काढून डोळे पुसले. पोरींनी टाळ्या थांबवल्या नाहीत.

डबा वॉर्डात राहिला होता. तो घ्यायला तरंगतच परत गेले, तर चौदा नंबरची खाट रिकामी. दुपारी एका डॉक्टरचं आजीच्या निळ्या ओठांकडं लक्ष गेलं होतं. छातीत न्यूमोनिया. तिला तातडीनं आयसीयूत हलवलं होतं. सून कोपऱ्यात ताटली-लोट्याचं गाठोडं बांधत होती. टेबलाशी वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर बसल्या होत्या. निवृत्तीला आलेल्या, फारच कमी बोलणाऱ्या. त्यांच्यापुढं चार्ट.

“हे अक्षर तुझं?”

“हो.”

“श्वास मोजलेस?”

“मोजले ना,” मी म्हटलं. आणि मला थांबता येईना. “पुरं मिनिटभर, सिस्टर. हात धरून.”

सून गाठोडं सोडून पुढं आली. “व्हय, ह्या बाईंनी हात धरला व्हता. लई चांगल्या हायेत. आमाला हसवलं बी.”

तिनं माझी बाजू घेतली. माझं बोलणं खरं मानून घेतली. मला त्या क्षणी फरशी उघडून आत जावंसं वाटलं.

इन्चार्ज सिस्टरनी एकेक चार्ट उलटला. मग म्हणाल्या, “तीस बायका, आणि श्वास एकच.” आणि उठून औषधांच्या कपाटाकडं गेल्या.

सून गाठोडं घेऊन निघून गेली. मी कपाटापाशी जाऊन पुटपुटले, “नाही मोजले.”

“ते मला काय सांगतेस?” त्यांनी वळूनही बघितलं नाही. “तिला सांग.”

आयसीयूच्या दाराबाहेर सून जमिनीवर बसली होती. मी शेजारी बसले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडं एकही वाक्य तयार नव्हतं. कसंबसं सांगितलं की नाडीचं सोंग करून छातीकडं बघत श्वास मोजायचे असतात, ते मी मोजलेच नव्हते, आकडा असाच लिहिला होता.

तिनं दाराकडं बघतच विचारलं, “आन् मी सांगितलं व्हतं तवा?”

“तेव्हा मी चेष्टा केली.”

“व्हय,” ती म्हणाली. “मी बी हसले. समदे हसले म्हनून. आत्याबाई तिथंच व्हती, आन् मी हसले.”

तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी केलेल्या विनोदाची लाज ती वाटून घेत होती. त्यानंतर मी रोज दाराशी जाऊन विचारायचे, “कशा आहेत?” आणि ती रोज तोंड फिरवायची. ते तिचं बरोबर होतं.

गृहपाठ मी परत मागून घेतला आणि नवा दिला. अर्धं पान. पेशंटचं मनगट धरावं, घड्याळ डोळ्यांसमोर ठेवावं, छातीकडं बघावं, पुरं मिनिट गप्प राहावं, मोजाल तेच लिहावं. बाईंनी शेरा मारला: ‘फारच त्रोटक. तत्त्वज्ञान दिसत नाही.’ पहिल्याला मिळाले होते त्याच्या निम्मे गुण.

सहाव्या दिवशी आजी वॉर्डात परत आली, वाळलेली, पण डोळे चमकदार. मी मनगट धरून बसले. खाला ओरडली, “अरे बाजी, आज कुछ सुनाव ना!” मी मानेनंच नाही म्हटलं. मोजणं चुकलं, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

“किती येळ धरती गं हात?” आजी वैतागली. “लगीन लावती का माझं?”

“नाडी बघतेय, आजी,” मी खोटं बोलले.

सून पायथ्याशी उभी होती. माझी नजर कुठं आहे, हे आता तिला ठाऊक होतं. मिनिट संपेस्तोवर ती हलली नाही.

“किती?” तिनं विचारलं. सहा दिवसांत पहिल्यांदा बोलली.

“चोवीस.”

“मंग तेवढंच लिव्हा.”