घरची शाल

प्रयोगशाळेतल्या त्या बाईंचं सगळं आयुष्य केस बघण्यात गेलं. माणसांचे नव्हेत, जनावरांचे. कुठे छापा पडला की सीलबंद पिशवी त्यांच्याकडे यायची आणि त्या भिंगाखाली पाहून प्रमाणपत्र लिहायच्या, की हा केस अमुक प्राण्याचा. त्या कागदाच्या जोरावर खटले उभे राहायचे. घरी नवरा म्हणायचा, "हिला जगातले सगळे केस दिसतात, घरातलं टक्कल तेवढं दिसत नाही."

आज त्या स्वतःच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या होत्या. दुकानदाराकडे सापडलेली शाल उंच पठारावरच्या रानटी हरणाच्या लोकरीची आहे, असं त्यांनी लिहून दिलं होतं. ते हरीण मारल्याशिवाय त्याची लोकर हाती लागत नाही, म्हणून ती नुसती बाळगणंही गुन्हा. प्रमाणपत्र टिकलं तर दुकानदार आत, नाही तर उजळ माथ्याने बाहेर.

आरोपीचा वकील बराच वेळ कीस काढत होता. शेवटी म्हणाला, "मॅडम, तुम्ही पाहिलेला केस तुमच्याच कपड्यांवरून पडलेला नसेल कशावरून? तुमच्या घरात आहे का असली लोकर?"

त्याने नुसता खडा टाकून पाहिला होता. असल्या वकिलांना उत्तर नको असतं, समोरच्याचा घाम हवा असतो. बाईंना तो फुटलाच.

कारण घरात ती होती. प्रयोगशाळेची रीतच अशी की तपासणाऱ्याने आपल्या घरचे केसही आणून ठेवायचे, स्वतःचे, मांजराचे, लोकरी कपड्यांचे. म्हणजे चुकून एखादा नमुन्यात पडला तर ओळखता येतो. मागच्या हिवाळ्यात त्यांनी सासूबाईंच्या शालीची चिमूटभर लोकर नेली आणि भिंगाखाली पाहिलं, तर त्याच रानटी हरणाचे केस. सासऱ्यांनी लग्नाच्या वर्षी आणलेली ती शाल. ते गेल्यापासून सासूबाईंना तिच्याशिवाय झोप लागत नव्हती, आणि रोज रात्री बाईच ती त्यांच्या अंगावर घालायच्या. बाईंनी ती चिमूट फेकून दिली आणि तोंडाला कुलूप लावलं.

आता नुसतं 'नाही' म्हणायला काय लागत होतं? घरी बघायला कोण येणार होतं? त्यांना भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त लाज.

"आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या सासूबाईंची शाल."

कोर्टात कुजबुज झाली. आरोपीच्या बाकावर दुकानदार सैलावला.

"मग संपलंच की," वकील म्हणाला.

"नाही संपलं. मी शालीवर पडलेला केस उचलला नव्हता. चारही कोपऱ्यांतून विणीतले धागे ओढून काढले आणि ते उलगडून पाहिले. माझ्या बाहीवरून केस पडेलही, साहेब. पण तो धाग्यात कातला कसा जाईल?"

न्यायाधीशांनी शाल उलगडून कोपरे पाहिले आणि प्रमाणपत्र ग्राह्य धरलं. मग चष्म्यावरून बाईंकडे बघत म्हणाले, "घरची शाल उद्या जमा करा."

घरी सासूबाई शाल पांघरूनच बसल्या होत्या. बाईंनी जवळ बसून सगळं सांगितलं. सासूबाई शालीच्या काठावरून नुसतं बोट फिरवत राहिल्या.

"किती हरणं मारली असतील गं हिच्यासाठी?"

"तीन-चार तरी."

"ह्यांना माहीत नसणार."

"नसणारच, आई."

त्यांनी शाल अंगावरून काढली, नीट घडी केली आणि सुनेच्या मांडीवर ठेवली. "आणि तुला कधी कळलं?"

"मागच्या हिवाळ्यात."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "म्हणजे तेव्हापासून रोज रात्री जाणूनबुजून हीच माझ्या अंगावर घालत होतीस."