माही धडधाकट मान

हे अजून कोणाच्या कानावर गेलं नाही. पारबताच्या तं नाहीच — पारबता म्हंजे माही बायको. तुम्ही बाहेरगावचे, आयकाल अन् निघून जाल, म्हून सांगून राहिलो. पण दम धरा. एकदम तोंडातून निघत नाही.

आम्ही सानगडीकडचे. धान कापलं की भारे डोक्यावर घेऊन खळ्यावर न्यायचे, हे घरच्या माणसाचं काम. सन ऐंशीच्या आसपास एका कटाईत मी भाऱ्यासकट धुऱ्यावरून, म्हंजे बांधावरून, घसरलो. मान लचकली. खरंच लचकली हो! चार दिवस. पाचव्या दिवशी उठलो तं मान मस्त फिरत होती — पण पारबता गरम रेतीची पुरचुंडी घेऊन समोर उभी. म्हणे, "तुम्ही हालू नका जी. भारे मी नेईन."

आता सांगा, अशा वेळी कोण हालते?

तथून चार सालं मी हाललो नाही. साकोलीच्या डाक्टरनं गळ्याले पट्टा देल्ला. कोणी हाक मारली की मी अख्खाच्या अख्खा वळत जाओ, बैलबंडीवानी. लोकाले वाटे, काय भारदस्त माणूस आहे! भांडणात पंच म्हून बोलावू लागले. दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरे, तिच्या नाटकाले पहिल्या रांगेत खुर्ची भेटे. फक्त नाचणारीण डावीकडून उजवीकडे गेली की मान आपोआप तिच्या मांग जाये — मंग मी "अयो माय" म्हणून कण्हो.

पारबता म्हणत जाये, हाताले मुंग्या येते. मी म्हणो, थंडी आहे.

मंग साकोलीच्या डाक्टरनंच नागपूरले धाडलं. तथं एक मोठे डाक्टर मानेची चकती सरकलेल्या लोकाईचे हालते एक्स-रे काढून राहिले होते. सिनेमावानी — मान हालवा अन् आतली हाडं पडद्यावर हालताना पाहा. ताडून पाहाले घरचं एखादं चांगल्या मानेचं माणूसही आणा म्हणले. चांगली मान कोणाची? पारबताची! मीच छाती फुगवून सांगितलं, "भारे वाहते जी ते. पोलादाची मान आहे."

तिचा सिनेमा पहिले काढला. मंग माहा. अंधारी खोली, मशिनीची घरघर. मी ठरवूनच गेलो होतो, मान बोटभरही हालवायची नाही. पण बाजूच्या टीव्हीवर माही हाडं दिसली ना! माही सोताची हाडं! मी वाकून पाह्यलं, वर करून पाह्यलं, दोन्ही बाजूंनी वळून पाह्यलं. कण्हाचं राहूनच गेलं. मशिनवाला पोरगा हासत होता.

दुपारी डाक्टरनं मले एकट्यालेच आत बोलावलं. म्हणाले, "चित्रांची अदलाबदल झाली का, म्हणून मी दोनदा तपासलं. तुमची मान उत्तम आहे. बाईंची चकती सरकली आहे. हा मणका जवळजवळ हलतच नाही. त्याच्या वाटचं वरचा हलतो आहे. असंच चाललं तर तोही झिजेल. डोक्यावर ओझं बंद करा. त्यांना तुम्ही सांगता, की मी सांगू?"

एक बसून राह्यला अन् शेजारचा त्याच्या वाटचं करून झिजला — मले लाज वाटली, एवढी लाज की कानशिलं तापली.

"मीच सांगतो जी," म्हणलो.

बाहेर पारबता बाकावर भुईमुगाचे फल्लीदाणे सोलत बसली होती. माह्यासाठी सोललेले वेगळे ठेवले होते. "का म्हणे डाक्टर?"

आता — हेच ते. हेच सांगाचं होतं.

मी म्हणलो, "तुही मान एक नंबर आहे म्हणे. माहीच खराब."

केवढी खुश झाली! बसमध्ये बाजूच्या बाईले सांगे, "नागपूरच्या डाक्टरनं पास केली माही मान." त्या सालीही सारे भारे तिनंच वाह्यले. अन् मी? खळ्यावर पट्टा घालून खाटेवर.

कटाई सरली अन् एक दिवस पाण्यानं भरलेला पितळी गुंड, घागरीएवढा, तिच्या उजव्या हातातून सुटला. तिले कळलंच नाही, सुटला म्हून. पायावर पाणी पडलं तवा कळलं.

मंग मी पट्टा फेकला. तवापासून भारे मीच वाह्यले. गावात काय नाव झालं! "बायकोसाठी दुखती मान घेऊन राबते बिचारा," म्हणत. मी ते आयकून घेतलं. सारं आयकून घेतलं.

पारबता अजूनही पाहुण्याले सांगते, नागपूरनं पास केलेली मान आहे, हात तेवढा दगा देऊन गेला. अन् रोज सांजेले माह्या मानेले मोहाचं तेल चोळून देते. कालही देल्लं. डाव्या हातानं.