त्रेसष्ट अर्थांचा ‘सेट’

माझे काका शब्दकोशाच्या कचेरीत अठ्ठावीस वर्षं होते, आणि त्यांच्या वाट्याला आला ‘सेट’ हा इंग्रजी शब्द. मूर्ती लहान आणि पसारा केवढा! आपण टेबल मांडतो, पेपर काढतो, गजर लावतो, सूर्य मावळतो. इंग्रजीत सगळीकडे हा मेला एकटाच पुढे. काकांचा नियम असा, की त्या धंद्यातल्या माणसाला विचारल्याशिवाय अर्थ कार्डावर चढवायचा नाही, आणि सांगणारा कोण ते तळाशी लिहायचं. ‘सिमेंट आवळतं’, म्हणजे घट्ट होतं, एवढ्यासाठी ते गवंड्याशेजारी दिवसभर उन्हात बसले. असे त्रेसष्ट अर्थ जमले.

मी तिथंच टायपिंग करते, म्हणून पुढचं डोळ्यांनी पाहिलं. नवे संपादक आले. उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस. काकांच्या निवृत्तीला आठवडा उरला असताना या साहेबांनी त्यांना बोलावलं. कार्डांचा खोका घेऊन मीही मागोमाग गेले.

“नऊ अर्थ ठेवा. एवढं वाचतो कोण? बाकी सगळीकडे ‘ठेवणे’ चालतं.”

“सूर्य कोण ठेवतं, साहेब?”

“तुम्हाला जमत नसेल तर मी खोडतो,” म्हणत त्यांनी लाल पेन उघडलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “काका, उठा. नको यांचं पुस्तक,” मी म्हणाले. त्यांनी हातानंच मला गप्प केलं. मला त्यांचाही संताप आला. जन्मभर मान खाली घातली, ती या असल्या माणसापुढेही?

“पेन इकडे द्या,” काका म्हणाले. “तुम्ही नेमके चुकीचे खोडाल.”

पहिलं कार्ड उचलून त्यांनी मोठ्यानं वाचलं. “खडा जडवणे. सांगणारा सोनार, वय ऐंशी, ऐकू कमी येतं.” मग रेघ मारली. “रंग पक्का होणे. सांगणारा रंगारी, शिडीवरून उतरून बोलला.” पुन्हा रेघ.

पाचव्या कार्डाला संपादक उठले.

“बसा,” काका म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. इतक्या वर्षांत मी तो तसा कधी ऐकला नव्हता. “या माणसांनी हातातली कामं टाकून मला वेळ दिलाय. तुम्ही त्यांना घालवताय, तर निदान कोण होते ते ऐका.”

संपादक बसले. चोपन्न कार्डं होती. काकांनी एकही मनातल्या मनात वाचलं नाही.