चालायला मीच सांगितलं होतं

बेसाला माझ्या दवाखान्यात मधुमेहाचे रोगी वाढत गेले, तेव्हा मी ठरवलं की नुसत्या गोळ्या लिहून द्यायच्या नाहीत. प्रत्येकाला खाणं, झोप, चालणं सगळं विचारायचं. बाहेर बाकावर लोक खोळंबायचे, तरी मी विचारायचे.

त्यांतला एक रोगी बुटीबोरीच्या एका सूतगिरणीत कंत्राटी कामगार होता. बाप-आजे उमरेडला हातमागावर बसलेले, हा मशीनवर. पाळी दर आठवड्याला बदलायची, तिच्यामागं जेवण आणि झोपही फिरायची. त्यातलं काहीच त्याच्या हातात नव्हतं.

"मग निदान रोज पाऊण तास चाला," मी म्हटलं.

त्याने ते मनावर घेतलं. कंपनीच्या बसमधून तो दोन थांबे आधी उतरू लागला. तीन महिन्यांत साखर उतरली. मी इतकी हरखले, की दुसऱ्या रोग्यांना त्याचं उदाहरण द्यायचे. तो लाजून हसायचा.

उन्हाळ्यात बायको त्याला घेऊन आली. "मॅडम, यायच्या मोज्याले वास येऊन राहिला."

मी बूट काढायला लावला. गिरणीतला, पुढे लोखंडी टोपी असलेला जड बूट, तोही तंग. अंगठ्याखाली काळी पडलेली जखम होती.

"दुखत नाही?"

"नाही जी. काहीच नाही समजलं."

"सुट्टीच्या दिवशीबी हेच बूट घालून निघत होते," बायको म्हणाली. "चालणं चुकवाचं नाही म्हणे."

वर्षभर मी त्याला भाकरी किती, भात किती, हे विचारत होते. पाय एकदाही पाहिला नव्हता. मधुमेहात पाय बधिर होतात; तळव्याला स्पर्श समजतो का, हे बघायला दोन मिनिटं लागतात. ते मला शिकत होते तेव्हापासून माहीत होतं.

रामदासपेठेतल्या इस्पितळात आधी अंगठा काढला, मग दोन बोटं, मग अर्धं पाऊल. गिरणीतलं काम उभ्यानं करायचं, ते परत मिळालं नाही. आता तो दिवसभर घरी बसून असतो. साखर पुन्हा चढली, इन्सुलिन लागलं. दर महिन्याला बायको त्याला ऑटोतून आणते.

एकदा मी धीर करून म्हटलं, "चूक माझी झाली, भाऊ. मी पाय बघायला हवे होते."

तो गोंधळला. "तुमची काहून जी? तुमी त भल्यासाठीच सांगतलं."

तो चिडला असता तर बरं झालं असतं. मी मान खाली घालून औषधं लिहिली.

मागच्या महिन्यात त्याच्या चांगल्या पायाच्या टाचेवर लाल चट्टा दिसला. मी त्याला डोळे मिटायला सांगितलं आणि तिथे बोट टेकवलं.

"समजते काय?"

त्याने डोळे किलकिले करून माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि अंदाजानं म्हणाला, "हो."