फिल्मवरची चावी

ही गोष्ट मी माझ्या पत्नीलाही सांगितली नाही. ती जाईपर्यंत सांगितली नाही. गेल्या रविवारपर्यंत कोणालाच नाही. माझ्याविषयी लोक जे सांगतात ते धादांत खोटे आहे, आणि खोटे खोडून काढल्याशिवाय मला कधी झोप लागत नाही — हे एक खोटे सोडून.

लोक काय सांगतात? आमच्या रुग्णालयातले एक्स-रे एकाएकी करडे, धुरकट येऊ लागले. तो विभाग माझ्याकडे होता; मी दोष हुडकला. डार्करूम सांभाळणाऱ्या सिंधूताई फिल्म धुताना दार उघडतात आणि उजेड आत शिरतो, असे लेखी कळवले. त्यांना तिथून हलवले, आणि दुसऱ्याच दिवशी एक्स-रे स्वच्छ!

स्वच्छ झाले, हे खरे. पण कशामुळे?

सिंधूताई इगतपुरीकडच्या. "साहेब, म्या दार नाय उघडलं," एवढेच त्या म्हणाल्या. त्यांना वॉर्डात फरशी पुसायला धाडले. त्या दुपारी, केवळ माझे म्हणणे पक्के व्हावे म्हणून, मी खोक्यातली एक कोरी फिल्म, एक्स-रे न काढता, तशीच धुतली. ती करडी आली — आणि मधोमध एक चावी. पांढरी, रेखीव, एक दात तुटलेली. माझ्या कपाटाची. रुग्णांच्या फिल्मवर ती हाडांच्या सावल्यांत हरवून जात असे.

फिल्मची खोकी किरणांपासून दूर, वेगळ्या खोलीत ठेवायची असतात. मला जिना चढायचा कंटाळा. म्हणून चालू खोके मी अलीकडे छातीचा एक्स-रे काढायच्या स्टँडमागे फळीवर उभे ठेवू लागलो होतो, आणि त्याच्यापुढे खिळ्याला चावी. प्रत्येक रुग्णाबरोबर त्या खोक्याचाही एक्स-रे निघत होता! बंद खोक्यात उजेड शिरत नाही, क्ष-किरण शिरतात — हे मला ठाऊक नव्हते? मी तर हे शिकवत होतो.

मी गुपचूप खोके बदलले आणि नवे वरच्या खोलीत नेऊन ठेवले. सगळे म्हणाले, बाई गेली आणि काम सुधारले. मी — मी मान डोलावली. सिंधूताई निवृत्त होईपर्यंत फरशीच पुसत राहिल्या.

रविवारी इंदिरानगरच्या एका सभागृहात आम्ही जुने कर्मचारी जमलो. एकाने माइकवर तीच कहाणी रंगवली, सिंधूताई मागच्या रांगेत बसलेल्या असताना. मी उठलो. इतकी वर्षे जपलेली ती फिल्म खिडकीशी धरली आणि सगळे सांगितले.

संपले, असे वाटते? छे! मंडळी माझ्याच बचावाला उभी राहिली. एक म्हणाला, विजेचा दाब कमी असेल. त्याने फिल्म फिकी पडते, करडी नव्हे! दुसरा म्हणाला, रुग्ण हलला असेल. मग कडा पुसट होतात. या चावीची कड पाहा! तिसरा हसला, "जाऊ द्या ना सर, वयामुळे आठवणींची सरमिसळ होते." मग चावी काय वयामुळे उमटली? एकेकाला मी गप्प केले. इतका चोख वाद मी आयुष्यात दुसरा जिंकलेला नाही, आणि जिंकलो ते माझ्याच विरुद्ध.

सिंधूताई पुढे आल्या. फिल्म हातात घेऊन उजेडात धरली.

"तुटक्या दाताची. तुमचीच हाय, साहेब." मग सभागृहाकडे वळून त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "आइकलं का समद्यांनी? म्या दार नाय उघडलं."

फिल्म गुंडाळून त्यांनी पिशवीत घातली, आणि पहिल्या रांगेतल्या माझ्या खुर्चीवर जाऊन बसल्या. टाळ्या त्यांच्यासाठी वाजल्या. कार्यक्रम संपेपर्यंत मी उभा होतो.