पाटील सरांच्या रुमालातली पटाशी

आता कुठल्या तोंडानं सांगू तुम्हाला? पण चहा तुम्ही पाजताय, तेव्हा ऐका.

आमच्या भिवंडीच्या शाळेत लेथवर लाकडी पेनं कातणारे दोघंच. एक मी, दुसरे पाटील सर. माझं पेन म्हणजे उंदरानं कुरतडलेलं! त्यांचं? लोण्यासारखं गुळगुळीत. आमच्या मुख्याध्यापिका बाई निवृत्त होणार होत्या. निरोपाला त्यांना कुणाचं पेन द्यायचं, ते स्टाफ ठरवणार होता. मी जळत होतो हो, अक्षरशः जळत होतो!

माझी खात्रीच होती, सगळी करामत पाटलांच्या पटाशीची. चिंचेच्या मुठीची ती पटाशी ते रुमालात गुंडाळून ठेवत. रुमालात! आपण पोळ्या ठेवतो तशी.

शेवटी लाज सोडून मागितली.

"न्या की सर," पाटील लगेच म्हणाले. एवढा सरळ माणूस! मला त्याचाही रागच आला.

आणि काय हो ती पटाशी! बटाट्याच्या साली निघाव्यात तसं लाकूड निघत होतं. पॉलिश पेपरला हातसुद्धा लावावा लागला नाही. स्टाफनं माझंच पेन निवडलं!

आता गप्प बसावं की नाही? पण निरोप समारंभात, सगळ्यांसमोर, शेजारी आमची सौ. उभी असताना मी पटाशी परत करत म्हणालो, "पाटील सर, असलं हत्यार मिळालं तर गाढवसुद्धा पेन कातेल! आमच्या नशिबी मात्र भंगार."

पाटील अवघडले. अवघडले की ते थेट आपल्या गावच्या, दिघाशीच्या बोलीत येतात. "सर, ही तुमचीच हाय. दिवालीला तुम्ही भंगारात टाकत व्हते ना, तवा मीच मागून नेली. नारपोलीच्या मिस्त्रीकडं धार लावाया शिकलो, नवी मूठ बसवली. दुसरं काय न्हाय."

"शक्यच नाही!"

पाटलांनी टेबलाच्या कडेवर ठोकून मूठ सैल केली. नव्या मुठीनं झाकलेल्या लोखंडावर कोरलेलं होतं माझं नाव! सौ.नं पातेल्यांवर नाव घालून घेतलं, तेव्हा मीच हट्टानं पटाशीवरही घालून घेतलेलं. कुणी ढापू नये म्हणून!

स्वतःच्याच पटाशीवर सहा महिने जळलेला माणूस पाहिलाय कधी? बघून घ्या.

सौ.नं पटाशी हातात घेतली, माझं नाव मोठ्यानं वाचलं आणि मुख्याध्यापिका बाईंना म्हणाली, "गाढव आमचंच आहे हो. धार तेवढी पाटील सरांची."